ग्लायडरसाठी फ्लाइट लॉगर: निवड, पहिली नोंद आणि मराठवाड्याच्या उन्हातली निगा

चैत्र-वैशाखात लातूर, धाराशिव, बीडकडच्या नांगरून पडलेल्या काळ्या रानांवर दुपारी अकरानंतर वावटळी उठू लागतात आणि त्यांच्या वर घारी पंख न हलवता घिरट्या घेत चढत जातात. घारीला उचलणारी तापलेल्या हवेची ही उसळी, म्हणजेच थर्मल, ग्लायडरला, म्हणजे इंजिन नसलेल्या विमानालाही उचलते. आपल्याकडची मुले-मुली ग्लायडर शिकायला पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला जातात, तिथे विंचच्या, म्हणजे ग्लायडरला वेगाने ओढणाऱ्या यंत्राच्या, दोरावरून आकाशात जाण्याचा अनुभव घेतात आणि पहिली काही एकट्याची उड्डाणे झाली की लॉगर कोणता घ्यावा, असा प्रश्न घेऊन येतात. मी लातूरचा आहे, आणि हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की त्याचे उत्तर एकदा नीट लिहून ठेवावे असे वाटले.

लॉगर म्हणजे उड्डाणाची नोंद ठेवणारे छोटे यंत्र. उपग्रहांवरून मिळणारे स्थान, वेळ आणि वायुदाबावरून काढलेली उंची तो ठरावीक सेकंदांनी लिहून ठेवतो. उतरल्यावर ही नोंद एका फाइलच्या रूपात बाहेर काढता येते. या फाइलचा साचा आंतरराष्ट्रीय ग्लायडिंग आयोगाने, म्हणजे आयजीसीने, ठरवलेला आहे. हा आयोग एफएआय या हवाई क्रीडांच्या जागतिक संघटनेचा भाग असून बिल्ले, पदविका आणि विक्रम यांचे नियम तोच करतो. पूर्वी हेच काम काजळी धरलेल्या कागदावर किंवा पत्र्यावर सुईने रेघ ओढणारा बॅरोग्राफ आणि वळणबिंदूंची, म्हणजे जिथून वळायचे ठरवलेले असते त्या ठिकाणांची, छायाचित्रे काढणारा कॅमेरा मिळून करत असत. साधन बदलले, पण गरज तीच राहिली आहे: वर कोणी पंच नसतो, त्यामुळे वैमानिकाच्या शब्दाला आधार म्हणून एक साक्षीदार लागतो.

खरेदीआधी स्वतःला विचारायचा प्रश्न

लॉगर घेण्याआधी तो कशासाठी हवा आहे, हे ठरवावे. विंचवरून वर जाऊन काही मिनिटांचा फेरा मारून उतरण्याच्या टप्प्यावर तुम्ही असाल, तर आज विकत घेण्याची गरज नाही. मोबाइलवर एक्ससीसोअरसारखे मोफत ॲप चालते, ते आयजीसी साच्यातली फाइल तयार करते आणि आपला वेग कुठे ढळला, उतरताना वळण कुठे उशिरा घेतले, हे पाहायला ती पुरेशी असते. मात्र मोबाइलच्या फाइलला आयजीसीची मान्यता असलेल्या लॉगरच्या फाइलचे वजन येत नाही.

बिल्ल्यांकडे, म्हणजे कौशल्याचे टप्पे दाखवणाऱ्या मानचिन्हांकडे, वाटचाल सुरू झाली की चित्र बदलते. रौप्य बिल्ल्यासाठी ५० किलोमीटरचे अंतर, १००० मीटरची उंचीवाढ आणि ५ तासांचे उड्डाण लागते. सुवर्ण बिल्ल्यासाठी अंतर ३०० किलोमीटर आणि उंचीवाढ ३००० मीटर होते. त्यापुढे बिल्ल्यावर जडवायच्या हिऱ्यांसाठी ५०० किलोमीटर आणि ५००० मीटर असे आकडे आहेत. या दाव्यांना पुरावा लागतो आणि तो मान्यता असलेल्या यंत्रातूनच आलेला असणे सगळ्यांत सोयीचे ठरते.

मान्यतेच्या पायऱ्या आहेत, आणि हे विक्रेता आपणहून सांगेलच असे नाही. सर्वांत वरची मान्यता जागतिक विक्रमांसह सर्व उड्डाणांना चालते. तिच्याखालच्या पायऱ्या पदविका किंवा केवळ बिल्ल्यांपुरत्या असतात. याशिवाय साधी स्थाननोंदक यंत्रे आहेत, ती रौप्य आणि सुवर्ण बिल्ल्यांपुरती आणि तीही राष्ट्रीय संस्थेने मान्य केली असतील तरच चालतात. प्रत्येक मॉडेलचे मान्यतापत्र आयजीसी प्रसिद्ध करते. ज्या मॉडेलवर नजर आहे त्याचे मान्यतापत्र उतरवून घ्यावे आणि पैसे देण्याआधी ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे, कारण यंत्र कसे बसवायचे, दाब कुठून घ्यायचा आणि फाइल कशी काढायची हे सगळे त्यातच लिहिलेले असते. माझ्या मते नवशिक्याने पडद्याच्या आकारापेक्षा या कागदाकडे जास्त लक्ष द्यावे.

बाजारात काय आहे आणि त्यातले आपल्याला काय हवे

स्लोव्हेनिया हा छोटा देश या क्षेत्रात फार पुढे आहे. एलएक्सनॅव्हचा नॅनो, एलएक्स नॅव्हिगेशनचा कोलिब्री आणि नॅव्हिटरचा औडी ही तिन्ही तिथलीच घराणी. नॅनोसारखे लॉगर आगपेटीपेक्षा थोडे मोठे, स्वतःच्या बॅटरीवर चालणारे आणि केवळ नोंदीचे काम करणारे असतात. औडीसारख्या यंत्रात नकाशा, अंतिम उताराचे (आहे त्या उंचीवरून मैदान गाठता येईल का याचे) गणित आणि नोंद असे सगळे एकत्र मिळते. तिसरा प्रकार म्हणजे कॉकपिटच्या पॅनेलमध्ये कायमचे बसवलेले संगणक, त्यांचा विचार स्वतःचे ग्लायडर असणाऱ्यांनी करावा.

आपल्याकडचा विद्यार्थी क्लबच्या किंवा सेंटरच्या ग्लायडरमधून उडतो, आज एका ग्लायडरमध्ये तर उद्या दुसऱ्यात बसतो, म्हणून मी त्याला स्वतःची बॅटरी असलेला, खिशात मावणारा, फक्त नोंद करणारा लॉगर सुचवतो. नकाशा हवाच असेल तर तो मोबाइलवर ठेवता येतो, आणि मोबाइल तापून बंद पडला तरी नोंद चालू राहते. नव्या मान्यताप्राप्त लॉगरची किंमत काही शे युरो असते आणि त्यावर टपालखर्च व सीमाशुल्क पडते, तेव्हा हिशेब करताना केवळ संकेतस्थळावरचा आकडा धरू नये.

निवडताना काही गोष्टी हातात घेऊन तपासाव्यात. बॅटरी आंतरिक असेल तर ती किमान दहा तास चालावी, कारण पाच तासांच्या उड्डाणाआधी मैदानावर रांगेत थांबण्याचे दोन तास सहज जातात. भर उन्हात दिवा किंवा पडदा दिसतो का, हे दुकानाच्या सावलीत कळत नाही. चार्जिंगचे छिद्र सहज मिळणाऱ्या केबलचे आहे का, हेही पाहावे, कारण निर्मात्याची खास केबल हरवली तर ती लातूर-नांदेडच्या बाजारात मिळणार नाही.

ज्या यंत्रातून रेडिओ लहरी बाहेर पडतात, त्याबाबत विशेष सावध राहावे. साधा लॉगर उपग्रहांचे संदेश फक्त ऐकतो, आपले स्थान प्रक्षेपित करत नाही. फ्लार्मसारखे टक्कर टाळणारे यंत्र मात्र जवळच्या विमानांना आपले स्थान सतत कळवत असते, आणि उपग्रहामार्फत निरोप पाठवणारी यंत्रे तर भारतात परवान्याशिवाय बाळगणेही गुन्हा ठरू शकते. परदेशी मित्र भेट म्हणून असे काही पाठवत असेल, तर ते मागवण्याआधी सेंटरच्या प्रशिक्षकांना आणि परवाना देणाऱ्या विभागाला विचारावे.

जुना लॉगर घेताना

वापरलेला लॉगर घेण्यात गैर काही नाही, मात्र तो घेताना चार कसोट्या लावाव्यात. पहिली तारखेची. जीपीएस प्रणालीत आठवड्यांची मोजणी दर १०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येते. ती अशी ६ एप्रिल २०१९ रोजी शून्यावर आली आणि तेव्हापासून काही जुने लॉगर जवळपास वीस वर्षे मागची तारीख लिहू लागले. तेव्हा विक्रेत्याकडे यंत्र सुरू करून आजच्या दिवसाची फाइल काढून पाहावी. दुसरी कसोटी फाइलच्या सहीची, म्हणजे नोंद बदललेली नाही हे दाखवणाऱ्या यंत्राच्या खुणेची, तिच्याबद्दल पुढे सांगतो. तिसरी वायुदाबमापकाच्या तपासणीच्या प्रमाणपत्राची. चौथी निर्माता अजून काम करतो आहे का याची, कारण तो नसेल तर आतला सेल संपल्यावर ते यंत्र दुरुस्त करणारे कोणी उरत नाही.

मी पहिला लॉगर जुनाच घेतला होता. विकणाऱ्याने तो चालू करून दाखवला, दिवा लागला आणि मी पैसे दिले. घरी येऊन फाइल तपासली तेव्हा सही चुकीची निघाली. बॅटरी बदलण्यासाठी आधीच्या मालकाने डबी उघडली होती, हे तेव्हा कळले. नोंद होत होती, पण ती कोणी पुरावा म्हणून मानली नसती.

एसटीतला सराव

लॉगर हातात आल्यावर तो थेट ग्लायडरमध्ये नेऊ नये. लातूरहून पुण्याला जाताना एसटीत खिडकीजवळची जागा घ्यावी, यंत्र काचेजवळ धरावे आणि संपूर्ण प्रवासाची नोंद करावी. वेळ, स्थान, बॅटरी, फाइल काढणे या सगळ्यांचा सराव यात होतो आणि चुकले तरी काही बिघडत नाही. नंतर फाइल उघडून तिच्यातली एक ओळ स्वतः वाचावी. सॉफ्टवेअर रंगीत रेघ दाखवते, पण ओळ वाचता आली की यंत्रावरचा विश्वास डोळस होतो.

समजा, लातूर बसस्थानकाजवळची एक ओळ अशी आहे: बी ०८१२३५ १८२४५००एन ०७६३३६००ई ए ००६९२ ००५५६. मूळ फाइलमध्ये हे सगळे जोडून आणि रोमन अक्षरांत असते, इथे वाचण्यासाठी तोडले आहे. बी म्हणजे ही स्थानाची नोंद. पुढचे सहा आकडे वेळ सांगतात, ८ वाजून १२ मिनिटे ३५ सेकंद, पण ही जागतिक वेळ आहे, तिच्यात साडेपाच तास मिळवले की आपली दुपारची १ वाजून ४२ मिनिटे ३५ सेकंद होतात. त्यानंतर अक्षांश १८ अंश २४.५०० मिनिटे उत्तर आणि रेखांश ७६ अंश ३३.६०० मिनिटे पूर्व. इथे मिनिटांचे हजारावे भाग असतात, सेकंद नसतात, आणि ही चूक नवशिके हमखास करतात. ए या अक्षराचा अर्थ उपग्रहांवरून उंचीसह पूर्ण स्थान मिळाले आहे. तिथे व्ही असेल तर ते स्थान अपुरे समजावे. शेवटचे दोन आकडे उंचीचे आहेत, आधी वायुदाबावरची आणि मग उपग्रहावरची, दोन्ही मीटरमध्ये.

याच ठिकाणी एकदा उदगीरचा एक विद्यार्थी काळजीत पडला होता. “सर, एकाच जागी एक उंची ६९२ आणि दुसरी ५५६ कशी? यंत्र खराब निघालं,” असे तो म्हणाला. यंत्र अगदी चांगले होते. लातूर समुद्रसपाटीपासून साधारण ६३० मीटरवर आहे. वायुदाबाची उंची १०१३.२५ हेक्टोपास्कल हा प्रमाण दाब धरून काढतात, आणि उन्हाळ्यात आपल्याकडचा दाब त्याहून कमी असतो, म्हणून ती उंची खऱ्यापेक्षा पन्नास-साठ मीटर जास्त दिसते. उपग्रहाची उंची बहुतेक लॉगर पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजतात, आणि दख्खनच्या आपल्या पट्ट्यात समुद्रसपाटी त्या आकाराच्या साधारण सत्तर-पंचाहत्तर मीटर खाली आहे, त्यामुळे ती उंची तेवढी कमी दिसते. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत आणि जमिनीवर त्यांच्यातला फरक बराचसा स्थिर राहतो. फरक मध्येच उडी मारू लागला, तरच यंत्राकडे संशयाने पाहावे.

उष्णतेचा आणखी एक परिणाम आहे, आणि मराठवाड्यातल्या माणसाला तो इतरांपेक्षा जास्त भोवतो. वायुदाबावरून उंची काढताना जी प्रमाण हवा गृहीत धरतात, ती ६०० मीटरवर सुमारे ११ अंश तापमानाची असते. आपल्याकडे मे महिन्यात तिथे ४० अंश असतात. गरम हवा विरळ असते, तिच्यात दाब हळूहळू घटतो, त्यामुळे खरी १००० मीटरची चढाई दाबाच्या नोंदीत साधारण ९०० मीटरच भरते. रौप्य बिल्ल्याची उंचीवाढ मोजताना लॉगरची दाबाची नोंद धरतात. मोबाइलवरची उपग्रहाची उंची पाहून “हजार झाले” म्हणून जो खाली वळतो, त्याचा दावा नापास होऊ शकतो. कॉकपिटमधला उंचीमापक दाबावरच चालतो, त्यामुळे त्याच्यावर नजर ठेवावी आणि हजाराच्या वर शे-दीडशे मीटर चढून मगच समाधान मानावे.

यंत्राची मांडणी

लॉगर सुरू करून आधी वैमानिकाचे नाव, ग्लायडरचा प्रकार आणि नोंदणी क्रमांक भरावा. दर वेळी वेगळे ग्लायडर मिळणाऱ्याने हे दर वेळी तपासावे. फाइलच्या डोक्यावर दुसऱ्याचे नाव राहिले, तर पुढचा सगळा पुरावा वादात सापडतो. नोंदीचे अंतर शिकण्यासाठी एक ते दोन सेकंद ठेवावे. थर्मलमधली एक घिरटी साधारण वीस-पंचवीस सेकंदांची असते, तेव्हा दहा सेकंदांच्या नोंदीत वर्तुळाचा त्रिकोण दिसतो आणि आपण कुठे बाजूला सरकलो हे कळत नाही. एका सेकंदाने पाच तास नोंद केली तरी १८,००० ओळी होतात आणि फाइल साधारण एक एमबीच्या आत राहते, म्हणून जागा वाचवण्याचा विचार करू नये.

कॉकपिटमध्ये यंत्र कुठे ठेवायचे, हा सुरक्षेचा प्रश्न आहे आणि त्यात तडजोड नको. विंच ग्लायडरला काही सेकंदांत उड्डाणाच्या वेगाला नेते, नाक एकदम वर जाते आणि सुटी वस्तू मागे घरंगळते. ती नियंत्रणाच्या दांड्यात किंवा तारांत अडकली, तर काय होईल हे सांगण्याची गरज नाही. लॉगर पक्क्या खोबणीत किंवा पट्ट्याने बांधलेला असावा, प्रशिक्षकाने तो हलवून पाहिलेला असावा, आणि कॅनोपी, म्हणजे कॉकपिटवरचे पारदर्शक झाकण, उघडण्याच्या किंवा फेकून देण्याच्या मार्गात तो येऊ नये. होकायंत्रापासून तो लांब ठेवावा. कार्बन फायबरच्या खाली उपग्रहाचा संदेश पोहोचत नाही, काचतंतूच्या खाली पोहोचतो, तरीही वर मोकळे आकाश दिसेल अशी जागा उत्तम. ग्लायडरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरून वीज घ्यायची असेल, तर बॅटरीजवळ फ्यूज हवाच आणि ती जोडणी सेंटरच्या अभियंत्यानेच करावी.

उड्डाणाच्या दिवशी

उड्डाणाच्या किमान पाच मिनिटे आधी लॉगर मोकळ्या आकाशाखाली सुरू करावा. त्याला उपग्रह सापडले की जमिनीवरच्या दाबाची पायाभूत नोंद तयार होते, तिच्याशिवाय पुढच्या उंचीला आधार राहत नाही. बिल्ल्यासाठी उडत असाल, तर दाव्याची साक्ष देणाऱ्या अधिकृत निरीक्षकाला यंत्र, त्याचा क्रमांक आणि बसवलेली जागा आधीच दाखवावी. वळणबिंदू जाहीर करायचे असतील, तर ते विंचच्या रांगेत घाईने भरू नयेत. आदल्या रात्री भरावेत आणि सकाळी दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्यावेत, कारण अक्षांशातला एक आकडा चुकला, तर वळणबिंदूभोवतीचे, ज्यातून जायचे ते पाचशे मीटर त्रिज्येचे वर्तुळ भलत्याच गावावर जाऊन पडते.

उतरल्यावरही लगेच यंत्र बंद करू नये. ग्लायडर थांबल्यावर आणखी पाच मिनिटे त्याला चालू राहू द्यावे, म्हणजे शेवटचा जमिनीवरचा दाब मिळतो. मग निरीक्षकासमोर फाइल काढावी.

काढलेली मूळ फाइल कधीही संपादकात उघडून जतन करू नये. फाइलच्या शेवटी जी-नोंद असते, ती त्या यंत्राने केलेली गुप्त सही असते, आणि नोंदीतले एक अक्षर जरी बदलले तरी सही जुळत नाही. नावातली शुद्धलेखनाची चूक दुरुस्त करावीशी वाटली, तरी हात लावू नये, निरीक्षकाला तसे लेखी सांगावे. व्हॉट्सॲपवर पाठवायची झाल्यास दस्तऐवज म्हणून जोडावी, मजकूर म्हणून चिकटवू नये. आयजीसीच्या तपासणी सुविधेत फाइल टाकून सही जुळते का, हे त्याच संध्याकाळी पाहावे. लॉगरची स्मृती भरली की बहुतेक यंत्रे सर्वांत जुने उड्डाण पुसून नवे लिहितात, म्हणून दोन ठिकाणी प्रत ठेवावी.

निगा

आपल्याकडे लॉगरचा खरा शत्रू ऊन आहे. लिथियम बॅटरीला साठ अंशांच्या वरचे तापमान सोसत नाही, आणि मे महिन्यात बीडच्या रस्त्यावर उभ्या केलेल्या मोटारीच्या डॅशबोर्डवर ते सहज गाठले जाते. माझ्याच दुसऱ्या लॉगरची बॅटरी अशी एका जेवणाच्या वेळात फुगली. डबीच्या कडेला केसाएवढी फट दिसली आणि बोटाने दाबल्यावर ती बाजू मऊ लागली. अशी बॅटरी चार्ज करू नये, यंत्र लगेच बाजूला ठेवावे आणि निर्मात्याशी संपर्क साधावा. कॅनोपी बंद असलेल्या ग्लायडरच्या बाबतीतही हेच आहे, शिवाय तिच्या वक्र काचेतून ऊन एका बिंदूवर गोळा होऊन वस्तू जळूही शकते. मैदानावर थांबताना कॅनोपीवर पांढरे कापड टाकावे आणि लॉगर सुती पिशवीत, सावलीत ठेवावा. चार्जिंग रात्री किंवा सकाळी, यंत्र थंड झाल्यावरच करावे.

धुळीचे काम सोपे आहे. चार्जिंगच्या छिद्राला रबरी झाकण लावावे, मऊ कोरड्या ब्रशने फुफाटा झाडावा, ओले कापड किंवा पेट्रोल वापरू नये. दाब घेण्याचे बारीक छिद्र कुठे आहे, हे पुस्तिकेत पाहून घ्यावे आणि त्यावर चिकटपट्टी कधीही लावू नये. मी एका लॉगरवर मालकाच्या नावाची पट्टी नेमकी त्या छिद्रावर लावलेली पाहिली आहे.

यंत्राची डबी स्वतः उघडायची नाही, अगदी चार स्क्रू दिसत असले तरीही. आत एक बारीक कळ असते, झाकण हलताच ती सुटते आणि सहीची किल्ली, म्हणजे सही तयार करणारी गुप्त संख्या, पुसली जाते. ती पुन्हा भरण्याचा अधिकार फक्त निर्मात्याला किंवा त्याने नेमलेल्या दुरुस्ती केंद्राला असतो. किल्ली जपणारा आतला सेल काही वर्षांनी संपतो, तोही तिथूनच बदलून घ्यावा. फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतले सॉफ्टवेअरही मोठ्या उड्डाणाच्या आदल्या रात्री बदलू नये, बदलल्यावर पुन्हा एक एसटीचा प्रवास करून तपासावे.

वायुदाबमापकाची तपासणी दाबकक्षात होते आणि तिच्यातून प्रत्येक उंचीवर यंत्र किती मीटर चुकते याचा तक्ता मिळतो. दाव्यासाठी उड्डाणाच्या आधीच्या पाच वर्षांतली तपासणी धरतात, पण नियमावलीची चालू आवृत्ती निरीक्षकाकडून पाहून घ्यावी, कारण ती वेळोवेळी सुधारली जाते. प्रमाणपत्राची छायाप्रत लॉगरच्या पिशवीतच ठेवावी.

पावसाळ्यात चार महिने उड्डाण थांबते, तेव्हा लॉगर पूर्ण भरलेला किंवा पूर्ण रिकामा ठेवू नये. निम्मे चार्ज करून, सिलिका जेलच्या पुडीसह, घट्ट झाकणाच्या डब्यात, घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवावा. दर महिन्याला बाहेर काढून दहा मिनिटे अंगणात सुरू करावा, तारीख आणि उपग्रह तपासावेत, बॅटरी निम्म्याखाली गेली असेल तर थोडी भरावी, आणि त्या दिवसाची तारीख डब्याच्या झाकणावर चिकटवलेल्या कागदावर लिहावी.